गुन्हा भाडेकरूचा, जाब घरमालकाला

भाडेकरूने खोलीत अमली पदार्थ साठवले, जुगाराचा अड्डा चालवला किंवा रोज रात्री जिन्यात मारामाऱ्या करून अख्खी चाळ जागी ठेवली, तर त्याचा जाब घरमालकाला विचारायचा की नाही, हा वाद जिथे माणसे भाड्याने राहतात तिथे सगळीकडे आहे. शेजारी म्हणतात, भाडे जो घेतो त्याने त्रासही निस्तरावा. मालक म्हणतो, घर भाड्याने दिले म्हणून तिथे राहणाऱ्याच्या वागण्याचा जामीन कसा राहू? हा वाद सोडवताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. मालकाने स्वतः काही केले असेल, म्हणजे ठाऊक असून गुन्ह्याला जागा दिली, त्यातून पैसा कमावला किंवा डोळेझाक केली, तर त्याला जबाबदार धरणे वेगळे. आणि घराच्या कागदावर नाव आहे एवढ्यावरून त्याला दोषी ठरवणे वेगळे. पहिली गोष्ट जवळजवळ सगळ्या कायद्यांनी मान्य केली आहे. दुसरी अधूनमधून डोके वर काढते, आणि तिचे परिणाम बहुधा मालकापेक्षा भाडेकरूंनाच अधिक भोगावे लागतात.

जागेच्या धन्याने तिथल्या गुन्ह्याला जबाबदार असावे, ही कल्पना जुनी आहे. पेशवाईत गावाच्या शिवेत चोरी झाली, की चोराचा माग काढण्याचे काम गावच्या रखवालदाराकडे असे. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दिला की जबाबदारी त्या गावाकडे जाई. माग लागला नाही तर नुकसानभरपाईची वेळ येई. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावरच्या आपल्या अहवालात या व्यवस्थेची नोंद केली आहे. बंगालमध्ये जमीनदारांकडे पोलिसी कामे होती. ती कॉर्नवॉलिसने १७९३ मध्ये काढून घेतली आणि दरोग्यांच्या हाताखाली ठाणी उभी केली. तरीही सरकारने जमीनमालकाकडून अपेक्षा ठेवणे सोडले नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम १५४ प्रमाणे एखाद्या जमिनीवर बेकायदा जमाव जमला किंवा दंगल झाली आणि मालकाने किंवा त्याच्या कारभाऱ्याने ठाऊक असूनही पोलिसांना लगेच कळवले नाही, तर मालकाला एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकत असे. यात कारभाऱ्याला ठाऊक असणे पुरेसे होते. धनी दूर शहरात असला तरी सुटका नव्हती. हीच तरतूद, त्याच एक हजार रुपयांसह, २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत कलम १९३ म्हणून पुढे आली आहे. मुळात ती मोठे जमीनदार आणि त्यांच्या कारभाऱ्यांचा विचार करून केलेली. त्या जमीनदाराकडे माणसे होती, वचक होता, गावात काय शिजते आहे हे कळण्याची साधने होती. ठाण्यात किंवा पिंपरीत कर्ज काढून एक फ्लॅट घेणाऱ्या आणि तो भाड्याने देऊन हप्ता भरणाऱ्या नोकरदाराकडे यातले काहीच नसते. आजच्या मालकावर किती भार टाकायचा हे ठरवताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

विशिष्ट गुन्ह्यांच्या कायद्यांत मालकाची जबाबदारी बहुतेक वेळा ‘ठाऊक असणे’ या एका अटीवर उभी आहे. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या, म्हणजे पिटाच्या, कलम ३ प्रमाणे कुंटणखाना चालणार हे माहीत असूनही जागा भाड्याने देणारा किंवा तो चालू देण्यात हेतुपुरस्सर सामील असणारा मालक शिक्षेस पात्र ठरतो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. दोष सिद्ध झाला की तो भाडेकरारच रद्दबातल होतो. ‘मला ठाऊकच नव्हते’ ही ढाल सहज पुढे करता येऊ नये, म्हणून कायद्याने एक युक्तीही केली आहे. झडतीत ती जागा कुंटणखाना असल्याचे आढळले आणि तशी बातमी मालक राहतो त्या भागातल्या वर्तमानपत्रात छापून आली, किंवा झडतीत सापडलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत त्याला दिली गेली, तर त्यानंतर त्याला ठाऊक आहे असेच धरले जाते. तसे नाही हे दाखवण्याचा भार त्याच्यावर येतो. याच कायद्याचे कलम १८ आणखी पुढे जाते. सार्वजनिक ठिकाणापासून दोनशे मीटरच्या आतली अशी जागा दंडाधिकारी नोटीस देऊन रिकामी करून घेऊ शकतात आणि पुढे एक वर्ष, तिथे अल्पवयीन मुलगी किंवा मुलगा सापडला असेल तर तीन वर्षे, ती जागा पुन्हा भाड्याने देताना त्यांची परवानगी घेण्याचा आदेश देऊ शकतात. कामाठीपुऱ्यासारख्या वस्तीत या तरतुदींचा दुसरा परिणामही होतो. जिला तो धंदा सोडून मुलाबाळांसह साध्या खोलीत राहायचे आहे, तिलाही खोली द्यायला मालक धजावत नाही.

अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातले कलम २५ अधिक कडक आहे. घराचा मालक किंवा ताबेदार यांनी जाणूनबुजून त्या जागेत दुसऱ्याला हा गुन्हा करू दिला, तर मूळ गुन्ह्याला जी शिक्षा तीच त्यांना. मोठा साठा असेल तर ती शिक्षा दहा ते वीस वर्षांच्या कैदेपर्यंत जाते. शिवाय कलम ३५ मुळे आरोपीच्या मनातला दोष न्यायालय गृहीत धरते आणि तो नव्हता हे त्याला संशयाला जागा न ठेवता सिद्ध करावे लागते. एवढ्या मोठ्या शिक्षेच्या कायद्यात गृहीतकाचे ओझे आरोपीवर टाकताना न्यायालयाने आधी मूळ वस्तुस्थिती काटेकोरपणे तपासलीच पाहिजे. नाहीतर दुसऱ्या शहरात राहणारा, वर्षातून एकदा करार वाढवायला येणारा मालक आणि माडीवरच्या गोदामाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणारा मालक एकाच मापाने मोजले जातील. मुंबई प्रांतात झालेल्या आणि आज महाराष्ट्राच्या नावाने चालणाऱ्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातही जाणूनबुजून अड्ड्याला जागा देणारा मालक अड्डा चालवणाऱ्याच्या रांगेत बसतो.

सामान्य घरमालकाचा संबंध मात्र या कलमांशी क्वचितच येतो. त्याची गाठ पडते भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याच्या नियमाशी. मुंबईसारख्या शहरांत पोलिस असा आदेश काढतात की, जागा भाड्याने देणाऱ्याने भाडेकरूचे नाव, मूळ पत्ता, छायाचित्र आणि ओळखपत्राचा तपशील पोलिसांना कळवावा. आता हे काम ऑनलाइनही होते. हे आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली. मुळात हे कलम तातडीच्या धोक्यासाठी आहे आणि असा आदेश साधारणपणे दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो. कायमस्वरूपी गरज असेल तर त्यासाठी विधिमंडळाने सरळ कायदा करावा, हे अधिक प्रामाणिक ठरेल. आदेश मोडला तर पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड होता; न्याय संहितेच्या कलम २२३ ने ही शिक्षा अनुक्रमे सहा महिने आणि अडीच हजार रुपयांपर्यंत नेली. जिवाला किंवा शांततेला धोका झाला तर शिक्षा आणखी वाढते.

या माहितीचा उपयोग आहे, पण तो मर्यादित आहे. गुन्हा घडल्यावर त्या पत्त्यावर कोण राहत होते हे पोलिसांना लवकर कळते, आणि खोटे नाव सांगून राहू पाहणारा थोडा बिचकतो. पण फॉर्म भरल्याने भाडेकरू सज्जन ठरत नाही, आणि न भरल्याने मालक गुन्हेगाराचा साथीदार होत नाही. तरीही खळबळजनक गुन्ह्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत अटकेची बातमी बहुधा घरमालकाची येते, कारण तो सापडायला सोपा असतो. माहिती न दिल्याची चूक ही माहिती न दिल्याचीच चूक आहे. तिची शिक्षा तेवढीच असावी.

भाडेकरू त्रास देतो आहे हे मालकाला कळले, तर त्याच्या हातात काय असते? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ प्रमाणे भाडेकरूने, त्याच्यासोबत राहणाऱ्याने किंवा त्याच्या नोकराने शेजाऱ्यांना उपद्रव दिला किंवा जागेचा अनैतिक वा बेकायदा वापर केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली, तर मालक न्यायालयात जाऊन ताबा मागू शकतो. पागडीच्या जुन्या भाडेकरूच्या बाबतीत हा दावा वर्षानुवर्षे चालतो. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या जागेत मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा लवकर मिळण्याची सोय आहे. पण हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. मधल्या काळात पाणी तोडणे किंवा वीज बंद करणे हा मार्ग मालकाला नाही. कलम २९ ने तो गुन्हा ठरवला आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणजे एकीकडे कायदा मालकाला सांगतो की भाडेकरूला हात लावायचा नाही, न्यायालयात जा. दुसरीकडे शेजारी आणि पोलिस त्याला सांगतात की उद्याच्या उद्या बंदोबस्त कर. जे करण्याचा अधिकार नाही, ते केले नाही म्हणून कोणाला शिक्षा करता येत नाही.

इंग्लंडच्या न्यायालयांनी हाच धागा धरून मर्यादा आखली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कॉव्हेंट्री विरुद्ध लॉरेन्स या खटल्यात सफोकमधल्या मोटार-शर्यतींच्या मैदानाच्या गोंगाटाबद्दल निकाल देताना म्हटले की, भाडेकरूच्या उपद्रवाला मालक दोनच वेळा जबाबदार: त्याने स्वतः त्यात प्रत्यक्ष भाग घेतला असेल, किंवा जागा देतानाच असा उपद्रव होणार हे जवळजवळ निश्चित असेल. थांबवण्यासाठी काही केले नाही, एवढे पुरत नाही. मात्र तिथल्या संसदेने दुसरी वाट खुली ठेवली. २००४ च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकांना ठरावीक वस्त्यांत घर भाड्याने देण्यासाठी परवाना सक्तीचा करण्याचा अधिकार दिला, आणि त्या परवान्याच्या अटींत भाडेकरूंचे समाजविघातक वर्तन रोखण्यासाठी वाजवी पावले उचलणे ही अट घालता येते.

मालकावरचा दबाव वाढवला की काय होते, याचा सर्वांत बोलका अनुभव अमेरिकेचा आहे. तिथल्या अनेक शहरांनी ‘उपद्रवी मालमत्ता’ नियम केले. विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात तीस दिवसांत एखाद्या पत्त्यावरून तीन किंवा अधिक वेळा पोलिसांना बोलवावे लागले, तर मालकाला पत्र जाई: उपद्रव कसा थांबवणार ते लेखी कळवा, नाहीतर पुढच्या पोलिस फेऱ्यांचा खर्च आणि दंड तुमच्याकडून वसूल होईल. वरवर पाहता यात गैर काही दिसत नाही. समाजशास्त्रज्ञ मॅथ्यू डेसमंड आणि निकोल वाल्डेझ यांनी २००८ आणि २००९ या दोन वर्षांत गेलेली अशी सगळी पत्रे तपासली. त्यांचा लेख २०१३ मध्ये अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यूमध्ये आला. त्यात दिसले ते असे: जवळजवळ एक तृतीयांश पत्रांच्या मुळाशी घरगुती हिंसाचार होता. नवरा किंवा जोडीदार मारतो म्हणून बाईने पोलिसांना फोन केला, आणि तिचा फोनच उपद्रव म्हणून मोजला गेला. अशी पत्रे मिळालेल्या मालकांपैकी ८३ टक्क्यांनी एकतर त्या भाडेकरूंना बाहेर काढले किंवा पुन्हा पोलिसांना बोलावले तर काढू अशी ताकीद दिली. कृष्णवर्णीय वस्त्यांत पत्र जाण्याजोग्या दर सोळा मालमत्तांपैकी एकीला पत्र गेले, तर श्वेतवर्णीय वस्त्यांत एकेचाळीस मालमत्तांमागे एकीला.

पेन्सिल्व्हेनियातल्या नॉरिस्टाउन गावी हाच नियम आणखी कडक होता. चार महिन्यांत तीनदा पोलिस आले की मालकाचा भाड्याने देण्याचा परवाना धोक्यात आणि भाडेकरू बाहेर. तिथल्या एका तरुण आईवर २०१२ मध्ये तिच्या पूर्वीच्या जोडीदाराने गळ्यावर वार केले. घर जाईल या भीतीने तिला पोलिस नको होते. शेवटी फोन दुसऱ्या कोणीतरी केला. ती वाचली, पण नगरपालिकेने मालकावर दबाव आणून तिला घराबाहेर काढण्याचा प्रयत्न केला. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने २०१३ मध्ये तिच्या वतीने दावा लावला. पुढच्या वर्षी नगरपालिकेने नियम मागे घेऊन ४ लाख ९५ हजार डॉलरवर तडजोड केली. संकटात पोलिसांना बोलावल्याबद्दल भाडेकरूला किंवा मालकाला दंड करता येणार नाही, अशी तरतूद २०२२ मध्ये महिलांवरील हिंसाचारविरोधी संघीय कायद्यात आली. मालकाने यात वाईट वागायचे ठरवले नव्हते, हे इथे महत्त्वाचे आहे. दंडाचा हिशेब समोर ठेवला की फोन बंद करणे हाच त्याला सर्वांत स्वस्त उपाय दिसतो, आणि फोन बंद करायचा म्हणजे ज्याला मार बसतो त्याला गप्प करायचे.

मालकांना हाताशी धरण्याचा प्रत्येक प्रयत्न असाच फसतो, असे मात्र नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोमध्ये जॉन एक आणि ज्युली वॉर्टेल या संशोधकांनी पोलिसांची अमली पदार्थांची कारवाई झालेल्या १२१ भाड्याच्या मालमत्तांवर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले: एका गटातल्या मालकांना काहीच कळवले नाही, दुसऱ्यांना पोलिसांचे पत्र गेले, तिसऱ्या गटातल्या मालकांची पोलिस अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष जागेवर भेट घेऊन काय सुधारायचे ते ठरवले आणि पाठपुरावा केला. तिसऱ्या गटात पुढच्या काळात गुन्हे ठळकपणे कमी झाले. घरे सोडायला लावण्याचे प्रमाणही तिथे जास्त होते, हे विसरून चालणार नाही. पण इथली सुरुवात पोलिसांनी प्रत्यक्ष केलेल्या कारवाईपासून झाली होती, कोणी किती वेळा फोन केला यापासून नव्हे. आणि मालकाला ठराविक, त्याच्या आवाक्यातले काम सांगितले गेले होते.

भारतात मालकाला दंडाचे पत्र पाठवणारा असा नियम नाही, पण भीतीचा परिणाम तोच दिसतो. मुंबई-पुण्यात एकट्या मुलीला, अविवाहित तरुणांना, परप्रांतीय मजुराला किंवा विशिष्ट धर्माच्या कुटुंबाला घर नाकारताना ‘उगाच पोलिसांची कटकट नको’ हे कारण सर्रास दिले जाते. जबाबदारी जितकी अस्पष्ट आणि मोठी, तितका मालक आडनाव आणि चेहरा पाहून भाडेकरू निवडतो. गुन्हेगार ओळखण्याचे दुसरे साधन त्याच्याकडे नसते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिका भाड्याने देताना संस्थेला कळवणे पुरेसे आहे, तरी अनेक सोसायट्या ना-हरकत पत्राचा आग्रह धरतात आणि त्या पत्रातून कोणी राहायचे हे ठरवू पाहतात.

मालकाला केवळ मालक म्हणून भोगावे लागल्याचे टोकाचे उदाहरण राजस्थानातल्या उदयपूरचे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे एका शाळकरी मुलाने वर्गमित्राला भोसकले. शहरात तणाव पसरला. दुसऱ्या दिवशी, १७ ऑगस्टला, प्रशासनाने एक घर बुलडोझरने पाडले. कारण अतिक्रमणाचे दिले गेले. ते घर आरोपी मुलाच्या कुटुंबाचे नव्हते. त्यांना ते भाड्याने देणाऱ्या एका वयस्कर रिक्षाचालकाचे होते. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी अशा पाडकामांविषयी सविस्तर निकाल दिला: एखाद्यावर आरोप आहे किंवा त्याला शिक्षा झाली आहे एवढ्यावरून घर पाडता येणार नाही, पाडण्यापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस आणि सुनावणी हवी, नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्यांकडून भरपाई वसूल होईल. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरची अनधिकृत बांधकामे या संरक्षणातून वगळली आहेत. पुढे मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या दंगलीनंतर महापालिकेने एका आरोपीचे घर पाडले; ते त्याच्या आईच्या नावावर होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पुढच्या पाडकामाला स्थगिती दिली. दोन्ही ठिकाणी ज्यांचे छप्पर गेले त्यांनी तो गुन्हा केला नव्हता.

मग मालकाची जबाबदारी कुठपर्यंत असावी? भाडेकरूची ओळख तपासणे, करार नोंदवणे, पोलिसांना माहिती देणे हे त्याचे काम आहे आणि ते टाळणाऱ्याला दंड व्हावा. जिन्यात दिवा, दरवाजाला नीट कुलूप, गच्ची आणि तळघर यांवर लक्ष हेही त्याच्या आवाक्यातले आहे. गुन्ह्यातून वाढीव भाडे घेणारा मालक तर सहभागीच असतो. बाजारभावाच्या दुप्पट भाडे रोखीने घेऊन पावती न देणे हा पुरावा म्हणून न्यायालयाने गंभीरपणे पाहावा. या पलीकडे त्याचे कर्तव्य सुरू व्हावे ते पोलिसांच्या लेखी नोटिशीपासून. त्या नोटिशीत कोणता गुन्हा, कोणत्या तारखेला आणि मालकाकडून नेमके काय अपेक्षित आहे हे असावे, आणि तिची प्रत भाडेकरूलाही जावी, म्हणजे त्याला आपले म्हणणे मांडता येईल. नोटिशीनंतर मालकाने भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ किंवा २४ खाली अर्ज केला की त्याचे कर्तव्य संपले असे मानावे. निकालाला लागणाऱ्या वेळाचा दोष त्याच्या माथी मारू नये. आणि मदतीसाठी केलेला फोन कोणत्याही नोटिशीचा आधार होऊ नये.

घरातल्या एकाच्या वागण्यामुळे सगळ्यांना बाहेर काढण्याचीही दरवेळी गरज नसते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ प्रमाणे दंडाधिकारी मारहाण करणाऱ्या पुरुषालाच सामायिक घराबाहेर जाण्याचा आदेश देऊ शकतात, आणि ते घर भाड्याचे असले तरी हे संरक्षण लागू असते. त्याच कलमाखाली घरभाडे भरण्याची जबाबदारीही त्या पुरुषावर टाकता येते. असा आदेश झाला की शेजाऱ्यांचा त्रास थांबतो, मालकाचे भाडे चालू राहते, आणि तक्रार करणारी बाई व तिची मुले त्याच खोलीत राहतात.